मोराचा स्ट्रायकर

अनुसयावहिनींच्या तेरवीच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी वडा मोडता मोडता म्हटलं, "बाई मोठ्या दिलाची होती बाबूजी. पण मोबाइलच्या खेळात पैसे लावून जिंके. आसगावच्या मंडईत उघडी पडली ना शेवटी."

समोरचा एक जण हसला. "रिचार्जवाली," तो म्हणाला.

माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत बोलणं धानाच्या भावावर गेलं. खरं तर घास गिळायला एवढा वेळ लागत नाही.

'रिचार्जवाली' हे नाव मी ठेवलेलं आहे. आसगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, उघडं पडायची पाळी कोणाची होती, हेही जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातल्या एकीच्या फोटोला त्या दिवशी हार घातला होता. उरलो मी. तेव्हा हे लिहून आमच्या कॅरमच्या ग्रुपवर टाकणार आहे, कारण ते नाव तिथूनच गावभर आणि गावाबाहेर गेलं. वहिनींबद्दल लोकांनी काय बोलावं हे मला ठरवता येणार नाही. पण खोटं तरी बोलू नये.

लाखनीला हायवेला लागून त्यांचं ताडपत्रीचं दुकान. ताडपत्र्या, दोर, साखळ्या, ट्रकवाल्यांना लागतं ते सगळं. त्यांचा नवरा नामदेव माझा मित्र. नामदेव गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं दुकान विकलं जाईल. वहिनी तेरवी आटोपून गादीवर येऊन बसल्या आणि पहिल्याच ट्रकवाल्याला म्हणाल्या, "काय पाहिजे? उभा काहून हायेस?" ठेंगणा बांधा, आवाज मात्र रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाणारा. गळ्यात सोन्याचा जाड गोफ. नवरा गेल्यावर एवढं सोनं घालतात का, असं बायका बोलल्या. माझी बायको रेखा हीही बोलली असावी. वहिनींच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "घेतला तं घेतला. चोरला थोडी हाय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवी गाडी घेतली तेव्हा हेच, दुकानावर काचेचं दार बसवलं तेव्हा हेच. मी सगळा जन्म तहसील कचेरीत काढला. एखादी वस्तू घेतली की ती कशी स्वस्तात पडली हे चार जणांना सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडायचं नाही, जणू घेतली हाच गुन्हा. वहिनी किंमत लपवत नव्हत्या आणि सांगतही नव्हत्या. त्यांचा हा मोकळेपणा माझ्या डोळ्यांत खुपायचा.

त्या भाव करत नसत. आठवडी बाजारात भाजीवालीनं सांगितले तेवढे द्यायच्या आणि पुढे जायच्या. मी दोन रुपयांसाठी त्याच भाजीवालीशी घासाघीस करायचो. घरी आल्यावर माझ्या पिशवीतून किडकं वांगं निघायचं. एकदा रेखानं दोन्ही घरची वांगी शेजारी शेजारी ठेवून मला दाखवली. मी म्हटलं, "पैसा फेकला की सगळं चांगलंच मिळतं." आज वाटतं, पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या वांग्यांपासूनच धरायला हवी.

दुकानातही तसंच. ट्रकवाल्यानं किंमत पाडून मागितली की त्या ताडपत्रीची घडी घालायला लागायच्या. "रस्त्यात पानी आलं अन् माल भिजला, तं भाव कोनाले मागसान?" एवढंच विचारायच्या. ट्रकवाला पैसे काढायचा.

त्यांचं माहेर पवनी तालुक्यातलं आसगाव. वडिलांची पटाची बैलजोडी होती. आमच्याकडच्या शंकरपटात दोन जोड्या शेजारच्या धावपट्ट्यांवर पळतात आणि बघायला माणूस मावत नाही. वहिनींचे वडील बैलांना बदाम आणि तूप चारायचे, आणि घरात पोरांना ते नुसतं पाहायला मिळायचं. जोडी जिंकली की हरलेला कोणीतरी म्हणायचाच, महागाची बैलं आहेत म्हणून पळतात. मग म्हातारा छकडीवरून उतरायचा आणि कासरा त्याच्यासमोर धरायचा.

"माहा बाप म्हने, हे घे. माही जोडी तू हाक, तुही मी हाकतो," वहिनी सांगायच्या. "भर पटात. लोकं टाळ्या वाजवत."

"मग? जिंकायचे का?" मी एकदा विचारलं.

"कधी जिंके, कधी हारे. पन मंग बैलाचं नाव कोनी काढे नाही."

त्यांच्या वडिलांचा मला हेवा वाटला. मेलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाचा. असं माझं मन.

आता कॅरमचं. लाखनीतल्या आमच्या लहानशा वाचनालयात एक कॅरमबोर्ड होता आणि त्या बोर्डावर माझं राज्य होतं. वडील वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणून किल्ली आमच्या घरी. शाळेत होतो तेव्हापासून भर दुपारी कुलूप उघडून मी एकटाच खेळत बसायचो. पुढे गावात जो कोणी माझ्याशी खेळायला यायचा तो संध्याकाळी तासभर, गर्दीत, पाळी लावून शिकलेला असायचा. मी जिंकायचो. लोक म्हणायचे, बाबूजींच्या हातात जादू आहे. मलाही तसंच वाटायचं.

लग्न होऊन आल्यावर काही दिवसांनी वहिनी एकदा त्या वाचनालयाच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात रिकामा डबा, नामदेवला जेवण देऊन परत चाललेल्या. आम्ही खेळत होतो. त्या बराच वेळ बोर्डाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, बाया नाही खेळत का इथं?"

मी म्हटलं, "बायकांसाठी मासिकं आहेत ना वहिनी. दुपारी या. किल्ली माझ्याकडेच असते."

सगळे हसले. त्याही हसल्या आणि गेल्या. मासिकं वाचायला कधी आल्या नाहीत. मग नामदेवनं दुकानात एक जुना बोर्ड आणून ठेवला. ताडपत्री शिवून होईपर्यंत ट्रकवाले बसून राहायचे, ते खेळायचे. वहिनी आधी पाहायच्या, मग कोणी कमी पडला की बसायच्या. कोणी पंजाबचा, कोणी हैदराबादचा. त्या लोकांचा खेळ आडदांड. मधला गठ्ठा फोडायचा, चारी बाजूंनी मारायचं. वहिनी तोच शिकल्या. हे मला कितीतरी उशिरा कळलं. दुकान माझ्या घराला लागून आणि मागे त्यांचं घर, मधे एक भिंत. एवढ्या जवळ असून उशिरा कळलं, कारण मी कधी डोकावलोच नाही.

वाचनालयाचं छत गळून बोर्ड फुगला आणि आम्ही म्हातारे मोबाइलवर कॅरम खेळू लागलो. आपापल्या घरी बसून एकमेकांशी खेळता येतं. आपल्या ओळखीच्यांत कोण कितवा, ते फोनच सांगतो. व्हॉट्सअॅपवर आम्ही 'कॅरम मित्र' नावाचा ग्रुप काढला. आसगावला दिलेल्या माझ्या मुलीचा नवरा, म्हणजे आमचे जावई, हेही त्यात आले. यादीत सगळ्यात वर माझं नाव. रोज सकाळी चहाआधी मी ते पाहून घ्यायचो.

मग एक दिवस यादीत एक मोर आला.

या खेळात प्रत्येकाचा स्ट्रायकर सगळ्यांना दिसतो. आमचे सगळ्यांचे पांढरे, फुकटात मिळतात ते. हा निळा, त्यावर पिसारा फुलवलेला मोर, आणि गोटी खिशात पडली की पिसारा थरथरायचा. खेळातल्याच दुकानात विकत मिळायचा, आणि तिथल्या वस्तूंत तो सगळ्यात महाग. खाली नाव होतं 'अनुसया आसगाव'.

पाहता पाहता तो मोर यादीत वर सरकत गेला आणि एका सकाळी माझ्या डोक्यावर येऊन बसला.

वहिनी ग्रुपवर लिहीत नसत. आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. मागे ट्रकचे हॉर्न आणि पुढे वहिनी. "काय बाबा, आज कोनी खेळून नाही राहिलं का? सारेच झोपले का?" आणि त्यांचं ते हसू. स्ट्रायकरला त्या 'पाखऱ्या' म्हणायच्या. पाखऱ्या हा वडिलांच्या जोडीतला डावा बैल. नेम धरताना पुटपुटायच्या, "चाल पाखऱ्या, चाल माह्या राजा."

हे मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आणखी एक गोष्ट ऐकू यायची, ती मी जन्मात विसरणार नाही. वहिनींनी घरी फायबरची लाइन घेतली होती. आमच्या गल्लीत ती पहिली. केबलवाला आसगावचा, त्यांच्या ओळखीतला, म्हणून खांब त्यांच्या दारात लवकर आला. माझा फोन साध्या नेटवर. ऐन नेमाच्या वेळी पडद्यावर गोल चक्र फिरू लागायचं आणि माझी पाळी निघून जायची. आमचा दोघांचा डाव चालू असला की त्यांचं हसू भिंतीवरून आधी यायचं आणि माझ्या फोनवर गोटी नंतर पडायची. हरलो हे मला फोनच्या आधी त्यांच्या हसण्यानं कळायचं.

मी ग्रुपवर लिहिलं, 'हाताचा खेळ वेगळा, खिशाचा वेगळा. ज्यांचा स्ट्रायकर विकतचा, ज्यांचं नेट विकतचं, ज्यांच्या दारात ओळखीनं खांब येतो, त्यांच्याशी आम्ही गरिबांनी काय खेळावं?' आणि शेवटी, 'रिचार्जवाल्या बाईंना नमस्कार.'

नाव चिकटलं. दोन-चार दिवसांत त्यातलं 'बाईंना नमस्कार' गळालं आणि 'रिचार्जवाली' राहिलं. त्यांनी डाव जिंकला की कोणीतरी लिहायचं, 'रिचार्ज झाला वाटते.' कोणी त्यांच्याशी खेळायलाच नकार द्यायचा. वहिनींचा आवाज आला, "अरे, पटात महागाची जोडी आनली तं तुम्ही मालकाले फेटा बांधता. गेममंदी आनली तं शिव्या देता. काहून बापा? घेतला तं घेतला. चोरला थोडी हाय?"

त्या वाक्याला उत्तर नव्हतंच, म्हणून तर मला राग आला.

मोराच्या चित्रावर बोट ठेवलं असतं तर त्यात काय काय मिळतं ते लिहिलेलं दिसलं असतं. मी ठेवलं नाही. एवढा महाग आहे म्हणजे त्यात जोर असणारच, नेम असणारच. मला तेच हवं होतं.

आणि याच सुमारास मी एक वस्तू विकत घेतली.

नेम धरताना स्ट्रायकरपासून एक बारीक रेघ दिसते. फुकटवाल्यांना आखूड, बोटभर. पैसे भरले की ती लांब होते. स्ट्रायकर गोटीला कुठे लागेल, गोटी कोणत्या कडेवर आपटून कोणत्या खिशात जाईल, सगळं आखून दाखवते. मोर जगाला दिसतो. ही रेघ फक्त घेणाऱ्याला दिसते. एका दुपारी सारखा हरत होतो आणि भिंतीपलीकडून हसू येत होतं. रेखा झोपली होती. मी बटण दाबलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर पट्टी काढली होती तेव्हा असंच झालं होतं, सगळं एकदम स्वच्छ. मी जिंकू लागलो. माझा स्ट्रायकर पांढराच होता. ग्रुपवर लोक लिहायचे, 'बाबूजी, बिनपैशाचा बादशहा.' मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचो.

एवढ्यावर थांबलं नाही. रेखाला मुलीशी व्हिडिओवर बोलायचं असायचं आणि आमच्या नेटवर चेहरा अडकायचा. तिनं भिंतीवरूनच वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "घे ना वो बाई, त्यात काय इचारतेस! पासवर्ड पाखऱ्या." रेखानं स्वतःच्या फोनवर घेतला, माझ्याही फोनवर घालून दिला. ज्या नेटला मी ग्रुपवर नावं ठेवत होतो, त्याच नेटवर, आमच्या अंगणात भिंतीच्या बाजूला खुर्ची टाकून, मी वहिनींशीच खेळायचो.

तरीही त्या मला हरवायच्या. सगळे डाव नाही, पण निम्म्याहून जास्त. लांब रेघ माझ्याकडे, नेट त्यांचंच, आणि तरी राणी काढायच्या त्याच. मला पटलं की मोराची रेघ माझ्याहून लांब असणार.

आसगावच्या मंडईत तिथल्या मंडळानं मोबाइल कॅरमची स्पर्धा ठेवली. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक. वहिनींना माहेरचं बोलावणं. आम्हाला मुलीच्या सासरचं. हे स्थळ वहिनींनीच सुचवलेलं. माझ्या व्याह्यांच्या घरी जाऊन, आमचे बाबूजी सरळ मार्गाचे आहेत, लेकीला डोळे मिटून घ्या, असं त्यांनी सांगितलं होतं. आम्ही त्यांच्याच गाडीतून गेलो.

नाटकासाठी बांधलेल्या स्टेजवर दोन खुर्च्या, मागे मोठा पडदा. पडद्यावर बोर्ड आणि गोट्या दिसायच्या, नेम धरणाऱ्याची रेघ दिसायची नाही. दुपारभर खेळ चालला. शेवटी दोघे राहिले, वहिनी आणि मी. समोर पहिल्या रांगेत माझे व्याही, जावई, मुलगी आणि रेखा. मंडळाचा अध्यक्ष माइकवर ओरडला, "आता येऊन राहिली आपल्याच गावची लेक, रिचार्जवाली आत्या!"

सगळी मंडई हसली. मी आधीच वर जाऊन बसलो होतो, वहिनी पायऱ्या चढत होत्या. मधल्या पायरीवर त्या थांबल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण तोंड एवढंसं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. लाखनीत त्यांनी ते नाव हसून काढलं होतं. हे माहेर होतं. खाली त्यांच्या भावजया बसल्या होत्या.

मला बरं वाटलं. हे लिहिलं पाहिजे. त्या क्षणी मला बरं वाटलं, इतकं की मीही माइकजवळ वाकून म्हणालो, "आज साध्या हातानं खेळावं लागेल, वहिनी."

वहिनींनी अध्यक्षाकडून माइक घेतला.

"म्हाताऱ्या लोकायले आठवत असंन," त्या म्हणाल्या. "माहा बाप पटात काय करे?"

मागून कोणीतरी ओरडलं, "जोडी बदले!"

"तेच म्हनतो मी. माहा फोन भाऊजी घेतीन, भाऊजीचा मी घेतो. मोर त्यायच्याकडं, सादा माह्याकडं. मंग तं झालं?"

टाळ्यांनी मांडव भरला. माझे व्याही उभे राहून टाळ्या वाजवत होते. वहिनींनी हात पुढे केला. मी फोन दिला. न देऊन काय सांगणार होतो?

त्यांचा फोन माझ्या हातात आला. मी मोरावर बोट ठेवून नेम धरला. रेघ आली. आखूड. बोटभर. मी बोट इकडे नेलं, तिकडे नेलं. तेवढीच. आम्हा फुकटवाल्यांची असते तीच. मोराचा फक्त पिसारा होता. एवढे दिवस ही बाई त्या बोटभर रेघेवर मला हरवत होती.

मी मान वर केली. वहिनींनीही माझ्या फोनवर नेम धरला होता. त्यांचं बोट काचेवर तसंच थांबलं होतं. त्यांनी बोट थोडं सरकवलं, रेघ कुठवर जाते ते पाहिलं, आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग समोरच्या रांगेकडे पाहिलं.

माइक त्यांच्या शेजारीच होता. बोलल्या असत्या तर ते नाव तिथेच संपलं असतं. त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला.

"भाऊजीचा फोन मले नाही जमत बापा," त्या म्हणाल्या. "मी हारली."

कोणीतरी ओरडलं, "आत्याचा रिचार्ज संपला!" हसण्याचा नुसता गदारोळ झाला. वहिनीही हसल्या, पण हसू त्या मोठ्या आवाजातलं नव्हतं. अध्यक्षानं माझ्या हातात मिक्सरचा खोका दिला. व्याह्यांनी गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "सादा मानूस, सादा खेळ!" मी हार घालून घेतला.

परतताना कोंढ्याला रेखा मुरमुऱ्याचे लाडू घ्यायला उतरली. ड्रायव्हर पानठेल्यावर गेला. गाडीत मी मागे, मांडीवर खोका, पुढे वहिनी. त्या काचेतून बाहेर पाहत म्हणाल्या, "तुमचे व्याही बसले होते ना पुढं. लेक नांदते तिथं. मीच म्हटलं होतं त्यायले, मानूस सरळ हाय म्हनून."

मी खोक्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडत राहिलो.

"अन् मोर तं शोभेचा हाय. दिसते चांगला म्हनून घेतला. तुम्ही कधी इचारलंच नाही."

त्यांनी काच थोडी खाली केली.

"रेघ चांगली हाय तुमची," त्या म्हणाल्या. "पन डोळा आळशी होते तिच्यानं. अन् घेतली तं घेतली म्हनावं भाऊजी. चोरली थोडी हाय?"

तेवढ्यात रेखा लाडू घेऊन आली. वहिनींनी एक तोडून अर्धा मागे माझ्या हातात दिला.

मला पुढचे कित्येक दिवस लाज वाटली, असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. खरं असं की मला राग येत होता. मोठेपणही हिलाच? आधी चांगली वांगी, मग चांगलं नेट, मग चांगला हात, आणि आता हेही. माझ्या वाट्याला एक मिक्सर. रेखा त्यात चटणी वाटायला लागली की मी उठून बाहेर जायचो. मी ती रेघ काढून टाकली, पण कोणाला सांगितलं नाही, म्हणजे घातली होती हेही सांगावं लागलं नाही. आसगावहून नाव परत आलं ते आणखी पक्कं होऊन आलं. वहिनी हळूहळू ग्रुपवर बोलेनाशा झाल्या. खेळायच्या, पण अनोळखी लोकांशी. हिंदीत बोलायच्या त्यांच्याशी, मी भिंतीपलीकडून ऐकायचो. जिंकल्या की तसंच हसायच्या. आता ते हसू ऐकूनही माझ्या फोनवर काही पडत नसे.

मग त्या आजारी पडल्या. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. गळ्यातला गोफ सैल दिसू लागला. दुकान त्यांच्या मुलीनं येऊन सांभाळलं.

शेवटचं पाहिलं ते असं. दुपारची वेळ होती. मी अंगणात त्याच खुर्चीवर बसलो होतो आणि फोनवर ते गोल चक्र फिरत होतं. दोन दिवसांपासून नेट येत नव्हतं. भिंतीपलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला म्हणून मी उठून पाहिलं. त्यांच्या आतल्या खोलीची खिडकी आमच्या बाजूला उघडते. वहिनी स्टुलावर उभ्या होत्या. एका हातानं खिडकीचा गज धरलेला, दुसऱ्या हातात इंटरनेटचा तो पांढरा डबा, आणि त्याची वायर खांद्यावरून खाली लोंबत होती. धाप लागली होती. डबा खिडकीत नीट बसत नव्हता, म्हणून खाली ताडपत्रीचा तुकडा घडी करून सरकवत होत्या.

"वहिनी, उतरा आधी! पडाल," मी म्हटलं.

"पोरीनं उचलून पल्याडच्या खोलीत नेला होता," त्या म्हणाल्या. "तिले काय मालूम, तुमच्या आंगनापर्यंत नेट जावं लागते म्हनून." डबा बसला. त्यांनी हात झटकले. "पाहा बरं आता. येऊन राहिलं का?"

मी फोन पाहिला. चक्र थांबलं होतं.

"आलं," मी म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि गजाला धरून एक एक पाय खाली घेत स्टुलावरून उतरल्या.